हवेचा डबा आणि बाहुल्यांची अट

पडद्यावर एक अंतराळयान येतं. पुढं सरकतं, सरकतच राहतं, काही केल्या संपत नाही. जॉर्ज लुकास यांच्या १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ची सुरुवात ज्यांना आठवते, त्यांना खूण लगेच पटते. मेल ब्रूक्स यांच्या १९८७च्या ‘स्पेसबॉल्स’मधलं यान मात्र इतकं लांबतं की आपण आधी हसतो, मग कंटाळतो आणि शेवटी त्या कंटाळ्यालाच हसतो.

मुळाची चाल अचूक साधल्याखेरीज विडंबन जमत नाही. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ आठवा. मुशायऱ्यात हजल म्हणणारा शायरसुद्धा काफिया-रदीफ गझलेसारखाच सांभाळतो. लुकास यांचा काळ्या मुखवट्याचा खलनायक घरघरत श्वास घेतो. ब्रूक्स यांचा खलनायक भलंमोठं शिरस्त्राण घालून तशाच रुबाबात येतो, घुसमटतो, झडप वर करतो आणि यात श्वासच घेता येत नाही म्हणून कुरकुरतो. रिक मोरॅनिस या ठेंगण्या नटानं ही भूमिका झकास केली आहे.

ब्रूक्स यांनी लुकास यांना आधी विचारलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. लुकास यांनी संमती दिली, पण चित्रपटाच्या बाहुल्या बाजारात आणायच्या नाहीत, ही अट घातली. ‘स्टार वॉर्स’च्या खेळण्यांचा व्यापार अफाट होता. ब्रूक्स यांनी अट पाळली आणि तिचाच विनोद केला! चित्रपटातला ज्ञानी ऋषी आपलं दुकान उघडून दाखवतो: चित्रपटाच्या नावाचे टी-शर्ट, जेवणाचे डबे, आग ओकणारं यंत्रसुद्धा. खलनायक तर आपल्या खोलीत एकटाच बाहुल्यांशी खेळताना पकडला जातो.

सगळेच विनोद साधलेले नाहीत. काही शाब्दिक कोट्या इंग्रजीबाहेर पोचतच नाहीत. कथा मात्र आता नुसती गमतीची राहिलेली नाही. एका ग्रहानं स्वतःची हवा उधळून टाकली आहे आणि त्याला शेजाऱ्याची हवा चोरायची आहे. शेजाऱ्याच्या संरक्षक कवचाचा गुप्त आकडा निघतो एक-दोन-तीन-चार-पाच. राष्ट्राध्यक्ष चकित होतात, कारण त्यांच्या बॅगेचाही आकडा तोच! ही भूमिका खुद्द ब्रूक्स यांची.

बाटलीतलं पाणी विकत घ्यायला आपण केव्हाच सरावलो आहोत. हे राष्ट्राध्यक्ष फोनवर ठामपणे सांगतात, हवेची टंचाई अजिबात नाही. फोन ठेवतात, टेबलाच्या खणातून हवेचा डबा काढतात, फोडतात आणि नाकाला लावतात.