अत्तरातली रानमाती

ओकमॉस : नावात ‘मॉस’ असले तरी हे शेवाळ नव्हे, ओकच्या सालीवर वाढणारे लायकेन आहे. मसाल्यातले दगडफूल याच्याच कुळातले. ताज्या लायकेनला वास जेमतेम असतो. ओलाव्याने त्यातली संयुगे फुटली की ओली साल, शाई आणि कुजत्या पानांचा गंध उतरतो. द्रावकाने काढलेला अर्क दाट, गडद असतो.

दोन घराणी : ‘फुजेर रॉयाल’ (1882) आणि फ्रांस्वा कोती यांचे ‘शिप्र’ (1917) या अत्तरांवरून फुजेर व शिप्र ही सुगंधांची घराणी ओळखली जातात. दोन्ही घराण्यांचा तळ ओकमॉसचा.

निर्बंध : अॅट्रॅनॉल व क्लोरोअॅट्रॅनॉल या ओकमॉसमधल्या घटकांमुळे त्वचेला अॅलर्जी होते. युरोपीय संघात 2019 पासून नव्या उत्पादनांत दोन्हींना बंदी. आता हे घटक काढलेला अर्क वापरतात.

जिओस्मिन : मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंचे, ओल्या मातीच्या वासाचे संयुग; नामकरण 1965. एक लाख कोटी भागांत मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळते.

मिट्टी अत्तर : कनौजची परंपरा. भाजलेल्या मातीचे पाण्यासह ऊर्ध्वपातन. वाफ चंदनतेलात मुरते.

मातकट, पण वनस्पतिज : वाळा (मुळे), पाच (पाने).