डावीकडून येणारी सायकल

आकाशवाणीवर मला आजवर बोलावलं गेलं ते कवितेसाठीच. आज मात्र मी गाडी चालवण्याबद्दल बोलणार आहे. आजारपणानंतर माणूस पुन्हा गाडी चालवायला कसा लागतो, आणि त्याआधी त्यानं ती का चालवू नये, एवढाच विषय. हा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या वाट्याला आला.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. मुलीनं लगेच रिक्षा बोलावली, म्हणून वेळेवर उपचार मिळाले. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू सांभाळतो, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. दीड महिन्यात काठी सुटली. अडीच महिन्यांत शर्टाची बटणं माझी मी लावू लागलो. कार्यालयातले मित्र म्हणाले, ‘कविराज, तुम्ही तर होता तसे झालात!’ मलाही तसंच वाटत होतं. गाडीबद्दल डॉक्टरांनी काही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एका दुपारी घरात सगळे आडवे झालेले पाहून मी हळूच किल्ली उचलली. गाडी सुरू केली, गिअर टाकला, सगळं ओळखीचं. मनात म्हटलं, हात विसरलेला नाही. दुसऱ्याच वळणावर डावीकडे वळताना ‘खर्र’ असा आवाज आला. एक शाळकरी मुलगा सायकलसकट रस्त्याच्या कडेला पडला होता. गुडघा सोलवटला होता, बाकी अल्लाची मेहेरबानी. मी उतरलो आणि त्याच्यावरच ओरडलो, ‘कुठून आलास रे मध्येच?’ तो रडवेला होऊन म्हणाला, ‘काका, मी तर मघापासून तुमच्या शेजारूनच चाललो होतो.’

ते वाक्य घेऊन मी घरी आलो. मुलीला खरं सांगितलं. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला व्यवसायोपचार विभागात नेलं.

‘व्यवसायोपचार’ हा शब्द ऐकून मला वाटलं, इथे आजारी माणसाला धंदा शिकवत असतील. तसं नाही. इंग्रजीतल्या ऑक्युपेशन या शब्दात दिवसभर माणूस ज्या ज्या कामात गुंतलेला असतो ते सगळं येतं. अंघोळ, बटणं, चहा करणं, नोटा मोजणं, बस पकडणं आणि गाडी चालवणंही. भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, प्रामुख्यानं स्नायू, सांधे आणि हालचाल सुधारते. त्या हालचालीतून रोजचं काम नीट पार पडतं की नाही, हे व्यवसायोपचार पाहतो. या शास्त्राचं आपल्याकडचं मूळ महाराष्ट्रातच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. त्यांच्या पुढाकारानं १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू झालं. १९५२ साली व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली.

माझ्या समोर बसलेल्या थेरपिस्ट बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझा हात दाबून पाहिला, पाय पाहिला, आणि मग एक कागद पुढे ठेवला. कागदभर बारीक चांदण्या छापलेल्या. सगळ्या खोडा, म्हणाल्या. मी झटपट खोडल्या आणि ‘झालं’ म्हणून पेन ठेवलं. बाईंनी कागद उलटा फिरवून पुन्हा माझ्यापुढे धरला. अर्ध्या कागदावरच्या चांदण्यांना मी हातही लावलेला नव्हता! मग घड्याळ काढायला सांगितलं. मी बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं बसवले.

पुढची चाचणी मला कवी म्हणून जिव्हारी लागली. वर्तमानपत्रातला एक उतारा वाचताना मी प्रत्येक ओळीचे सुरुवातीचे शब्द गाळत होतो आणि अर्थ लागत नाही म्हणून लिहिणाऱ्यालाच नावं ठेवत होतो. बाईंनी विचारलं, ‘काका, दुसरी कुठली लिपी वाचता?’ मी म्हटलं, उर्दू. त्यांनी ते घरून आणायला सांगितलं. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. तिथे ओळींची सुरुवात मला बरोबर सापडली आणि शेवट हरवला. गझलेचा काफिया आणि रदीफ ओळीच्या शेवटी असतात, म्हणजे कागदाच्या डाव्या अंगाला. मराठीत माझी तोंडं गेली होती आणि उर्दूत यमकं!

डोळ्यांत काही दोष नव्हता. चष्माही तोच होता. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही जणांचं डाव्या बाजूकडचं लक्षच उडतं. डोळा पाहतो, पण मेंदू दखल घेत नाही. पक्षाघातानंतर काहींच्या नजरेचा अर्धा भाग खरोखरच जातो, ते वेगळं. अशा माणसाला बहुधा आपलं न्यून जाणवतं आणि तो मान वळवून पाहायला शिकतो. माझ्यासारख्याला काही गेलंय हेच ठाऊक नसतं. एका मित्राकडे जेवायला गेलो असताना ‘वहिनी, चटणी-लोणचं वाढायचं राहिलं वाटतं’ असं मी म्हणालो होतो. चटणी, लोणचं, लिंबू, सगळं ताटाच्या डाव्या बाजूला रीतसर वाढलेलं होतं. तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. पुढे काय वाढून ठेवलंय याची ती सूचना होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता आपल्या रस्त्याचा विचार करा. आपण डावीकडून गाडी हाकतो. चालक गाडीत उजवीकडे बसतो, म्हणजे गाडीची डावी कड त्याच्यापासून लांब. आणि पायी चालणारे, सायकलवाले, हातगाड्या, थांबलेल्या रिक्षा, बसमधून उतरणारी म्हातारी माणसं, हे सगळे बहुतेक वेळा त्याच कडेला असतात. माझ्या मेंदूनं नेमकी तीच बाजू पुसून टाकली होती.

गाडी चालवणं हे हातापायांचं काम आहे, असं आपण समजतो. हात-पाय हे त्यातलं शेवटचं टोक. आधी दिसावं लागतं, दिसलेल्यातलं महत्त्वाचं काय ते निवडावं लागतं, समोरचा काय करील याचा अंदाज बांधावा लागतो, आणि हे सगळं क्षणात. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाडी साडेपाच मीटर पुढे सरकलेली असते. म्हणून बाईंनी एका पाटीवरच्या आकड्या-अक्षरांची जोडणी करून घेतली. एक, मग अ, मग दोन, मग ब. एक धागा धरून दुसरा सुटू न देण्याची ही परीक्षा. दिवा लागताच पाय एका पॅडलवरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळही मोजला.

उपचार अगदी साधे होते. पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि ती दिसल्याशिवाय ओळ वाचायला सुरुवात करायची नाही. दीपस्तंभाचा झोत फिरतो तशी मान डावीकडून उजवीकडे फिरवायची, आणि सुरुवात नेहमी डावीकडून. लांबलचक व्हरांड्यात दोन्ही भिंतींवर चिठ्ठ्या लावलेल्या असत, त्या चालता चालता शोधायच्या. मग मंडईत जाऊन डाव्या हाताच्या गाळ्यांवरची भाजी आणायची. पुढे मुलगी गाडी चालवायची आणि मी शेजारी बसून मोठ्यानं सांगायचो, ‘डावीकडे सायकल, डावीकडे शाळा, डावीकडे कुत्रं.’ पहिल्या दिवशी घरापासून चौकापर्यंत मी चारच गोष्टी सांगितल्या. मुलीनं मोजल्या होत्या, एकोणीस होत्या.

त्या विभागात माझ्याबरोबर एक शेतकरी गृहस्थ यायचे. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. मला त्यांची दया यायची. ते माझ्या कितीतरी आधी गाडीवर बसले! त्यांची नजर आणि लक्ष शाबूत होतं. डाव्या पायाचं काम फक्त क्लचचं, आणि ऑटोमॅटिक गाडीत क्लचच नसतो. त्यांना गाडी बदलावी लागली, एवढंच. उजवा पाय गेला असेल तर अॅक्सिलरेटर डाव्या पायाकडे घेता येतो. दोन्ही पाय अधू असतील तर ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हातानं चालवण्याची व्यवस्था करता येते. एकाच हातात जोर असेल तर स्टिअरिंगवर मूठ बसवतात. मात्र असे बदल आरटीओच्या परवानगीनं करून नोंदणीपुस्तकात लिहून घ्यावे लागतात. कोणाला काय लागेल आणि ते कसं वापरायचं, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या माणसाला पाहून ठरवतात. दिसणाऱ्या अपंगत्वावर लोखंडाचा तुकडा उपयोगी पडतो. माझ्या अपंगत्वाला मात्र ते आहे हे मान्य करण्यापासून सुरुवात करावी लागली.

चार महिन्यांनी बाईंनी मोटार ट्रेनिंग स्कूलची दुहेरी ब्रेकची गाडी मागवली. शेजारी शिक्षक, मागे बाई हातात कागद घेऊन, आणि पहाटेचं रिकामं मैदान. मैदानात जमलं. रहदारीत गेल्यावर शिक्षकांनी दोनदा ब्रेक दाबला. ‘नापास,’ मीच म्हणालो. बाई म्हणाल्या, ‘काका, मागच्या वेळी तुम्ही मुलावर ओरडला होतात. आज चूक तुमची तुम्हाला कळली. ही प्रगती आहे.’ आणखी दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. या वेळी शिक्षकांचा पाय ब्रेकवर गेला नाही.

परवानगी मिळाली ती अटींसह. ऑटोमॅटिक गाडी, कारण आपल्या गाड्यांत गिअर आणि क्लच दोन्ही डाव्या बाजूला. डावा आरसा मोठा. दिवसा आणि ओळखीच्या रस्त्यानं. रात्री नाही, महामार्गावर नाही. बाईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली की, परवान्याचा निर्णय त्यांचा नसतो. त्या आपलं निरीक्षण डॉक्टरांना देतात, डॉक्टर प्रमाणपत्र देतात आणि शेवटचा अधिकार आरटीओचा. मोटार वाहन कायद्यानुसार, आजारामुळे चालक अयोग्य ठरला असं मानायला आधार असेल तर परवाना देणारा अधिकारी नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो, परवाना रद्दही करू शकतो. अर्जासोबतच्या नमुन्यात फिट, भोवळ, हातापायांतला जोर यांबद्दल प्रश्न असतात. आपण ते न वाचताच सही करतो. ब्रिटनमध्ये पक्षाघातानंतर किमान एक महिना मोटार चालवायची नाही, बस-ट्रकवाल्यानं वर्षभर नाही, असा नियम आहे.

सगळ्यांनाच होकार मिळतो असं नाही. आमच्यातल्या एका निवृत्त ड्रायव्हरकाकांना बाईंनी ‘आता नको’ सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले. ज्यानं आयुष्यभर गाडी हाकली त्याला त्याच शब्दानं लोक ओळखत होते. पण बाई तिथे थांबल्या नाहीत. कोणत्या वेळी बसला गर्दी नसते, पायरी कशी चढायची, मशिदीला सोडायला कोण येईल, बाजार कोणाबरोबर करायचा, हे सगळं त्यांनी काकांबरोबर बसून ठरवलं. गाडी सुटली म्हणून घराबाहेर पडणं सुटू नये, हाही त्यांच्याच कामाचा भाग.

आपल्याकडे खास गाडी चालवण्याच्या चाचणीची सोय मोजक्याच ठिकाणी आहे. म्हणून निदान एवढं करा. घरात कोणाला पक्षाघात झाला असेल, डोक्याला मार लागला असेल, कंपवात असेल, तर घरी सोडताना डॉक्टरांना ‘गाडीचं काय?’ असं स्वतःहून विचारा. व्यवसायोपचार विभाग कुठे आहे ते विचारा. आणि ‘मला काही झालेलं नाही’ असं तो माणूस म्हणाला, तर किल्ली जरा उंच ठेवा. ताटातली चटणी त्याला दिसते का, तेही बघा.

त्या सायकलवाल्या मुलाचं घर मी नंतर शोधून काढलं. त्याच्या आईसमोर त्याची माफी मागितली. तो आता दहावीत आहे. त्या वळणावर आलो की मी गाडी हळू करतो, मान पुरती डावीकडे वळवतो, आणि मगच वळतो. बहुतेक वेळा तिथे कोणी नसतं. त्या दुपारीही कोणी नाही असंच मला वाटलं होतं.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)