नट काढला, तरी चाक हलेना

चेनसॉच्या डाव्या अंगाचं झाकण स्क्रू काढून बाजूला ठेवलं, की आत पात्यापात्यांचं एक अ‍ॅल्युमिनियमचं चाक दिसतं. मधोमध एक नट. बॉक्स पान्याने तो सोडवला, वॉशर काढला. आता या चाकाला धरून ठेवणारं, डोळ्यांना दिसेल असं काहीही उरलेलं नाही. तरी ते निघत नाही. दोन्ही हातांनी ओढा, पिळा, मशीन उलटं धरून झटका. ते तसूभर ढळत नाही. वेल्डिंग नाही, गोंद नाही, मशीन नवं असेल तर गंजही नाही. मग धरलंय कोणी?

धरलंय ते आकाराने. चाक ज्यावर बसतं ते क्रँकशाफ्टचं टोक बाहेरच्या बाजूला किंचित निमुळतं होत जातं आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे या चाकाच्या, मधलं भोकही त्याच मापाने निमुळतं असतं. कारखान्यात आणि गॅरेजात याला टेपर म्हणतात. एकात एक घातलेले स्टीलचे दोन पेले कधीकधी असे बसतात की घरातल्या प्रत्येकाने जोर करून पाहिला तरी सुटत नाहीत. तिथेही हाच प्रकार. उतार अगदी थोडा असला, की आत दाबणारा जोर बाजूंवर कित्येक पटींनी पडतो आणि दाबणारा हात काढून घेतला तरी बाजूंचं घर्षण काही सुटू देत नाही. उतार जास्त असेल तर उलट होतं, हात काढताच वस्तू आपणहून सटकते. या दोन्हींमधली सीमा घर्षण ठरवतं. कोरड्या धातूंसाठी घर्षणांक ढोबळमानाने ०.१५ धरला, तर ती साधारण साडेआठ अंशांवर येते. बाजूचा कल त्याहून कमी ठेवा, पकड राहिलीच म्हणून समजा.

आता थोडा हिशेब, कारण गंमत आकड्यांतच आहे. समजा टेपर १:१० चा आहे, म्हणजे १० मिमी लांबीत व्यास १ मिमीने उतरतो. बाजूचा कल झाला जेमतेम ३ अंश. नट एम-८, आवळलाय ३० न्यूटन-मीटरने. एवढ्याशा नटाचे आटे चाकाला शाफ्टवर सुमारे १,९०० किलोच्या जोराने ढकलतात. टेपर त्याचे पाचपट करतो: बाजूंवर एकूण साडेनऊ टनांचा दाब, आणि तो १०-१२ मिमी जाडीच्या दांड्यावर. नट काढून टाकल्यानंतरही चाक सरळ ओढून काढायचं तर अंदाजे ९५० किलोचा ओढा लागेल. हाताने ते का हलत नव्हतं, ते कळलं. प्रत्येक मशीनचा टेपर आणि आवळण्याचं माप वेगळं असतं, त्यामुळे आकडे मागेपुढे होतील. पण मामला शेकड्यांतल्या किलोंचा आहे, हे पक्कं.

शाफ्ट आणि चाकाच्या मध्ये एक छोटी की असते. बऱ्याच चेनसॉंमध्ये ती वेगळी नसून चाकाच्या भोकातच ओतलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक उंचवटा असतो. पुष्कळांना वाटतं, चाक फिरवण्याचा भार ही की घेते. भार सगळा टेपर घेतो. की फक्त चाक कोणत्या कोनात बसवायचं ते दाखवते. हे काम दिसायला हलकं आहे, पण चुकलं तर महागात पडतं. चाकाच्या कडेत लोहचुंबक बसवलेलं असतं. ते शेजारच्या कॉइलसमोरून सर्रकन गेलं की कॉइलमध्ये वीज उमटते आणि प्लगला ठिणगी पडते. मिनिटाला १३,५०० फेरे म्हणजे एक फेरा ४.४ मिलिसेकंदांत. पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या २५ अंश आधी ठिणगी हवी असेल, तर ती वेळ होते एका सेकंदाचा साधारण तीन-हजारावा भाग. की अर्धी कातरली गेली आणि चाक चार-पाच अंशांनी सरकलं, की सगळं वेळापत्रक कोलमडतं. मग मशीन दोरीला उलटा हिसका देतं, फटफटतं, किंवा हूं की चूं करत नाही. पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन आहे, ठिणगीही दिसतेय आणि तरी चालू होत नाही, अशी तक्रार आली की जाणता मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलण्याआधी ही की बघतो. ती कातरण्याचं कारणही बहुधा ठरलेलं: आधीच्या खेपेला कोणीतरी नट नीट आवळला नव्हता, किंवा टेपरवर तेल राहिलं होतं. टेपर घसरला, भार कीवर आला, आणि तेवढा भार घेण्याची तिची ऐपत नाही.

बॅटरी नसलेल्या यंत्रातून ठिणगी काढण्याची ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत श्टुटगार्टला रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १८९७ मध्ये अशी मॅग्नेटो-यंत्रणा मोटार-तिचाकीला बसवून दाखवली. १९०२ मध्ये तिथल्याच गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची मॅग्नेटो आणि तिला जोडणारा प्लग तयार केला. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये करवतींची आपली कंपनी काढली तीही श्टुटगार्टलाच. त्यांची १९२९ची पेट्रोलवरची झाडतोड करवत ४६ किलोंची होती आणि ती उचलायला दोन माणसं लागत. आज खांद्याला लटकवून माडावर चढवता येतील अशा करवती मिळतात, पण त्यांच्या पोटातली ठिणगीची तऱ्हा मुळात तीच.

आणि हे चाक एकटं किती कामं करतं! त्याच्या पात्यांनी सिलिंडरवर वारा घालतं, त्याच्या वजनाने इंजिन एका फेऱ्यातून पुढच्या फेऱ्यात ढकललं जातं, स्टार्टरची दोरी ओढली की पकड त्यालाच बसते आणि ठिणगीही त्याचीच. ९० मिमी व्यासाचं चाक १३,५०० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे धावत असते. कडेवरच्या प्रत्येक कणाला स्वतःच्या वजनाच्या नऊ हजार पटींनी बाहेर ओढलं जातं. १० ग्रॅमचं चुंबक तिथे ९० किलोंच्या जोराने सुटू पाहतं. म्हणूनच नट सोडवताना चाक फिरू नये म्हणून पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवणारा माणूस पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो. पातं तुटून एका ग्रॅमचा तुकडा गेला, तर चालू मशीनमध्ये ९ किलोंचा एकांगी ओढा सेकंदाला सव्वादोनशे वेळा बेअरिंगांना हादरवणार.

चाक अडवायची बिनधोक रीत वेगळी आहे. प्लगची वायर काढायची, प्लग काढायचा, पिस्टन वर येताना एक्झॉस्टचं भोक झाकून पुढे गेला की प्लगच्या भोकातून स्टार्टरच्या जुन्या दोरीचा तुकडा आत सोडायचा. एक टोक बाहेर राहू द्यायचं. पिस्टन दोरीवर मऊ टेकून थांबतो आणि नट सुटतो. दोरी आधीच घातली तर एक्झॉस्टच्या भोकात सापडून चिरते, एवढं मात्र सांभाळायचं. नटाचे आटे बहुतेक ठिकाणी नेहमीचेच, उजवे. दुसऱ्या बाजूच्या क्लचला डावे असतात आणि तिथे भलेभले चुकतात.

हे चाक मुळात काढायचं कशाला? बहुतेक वेळा त्याच्या मागच्या ऑइल सीलसाठी. सील कडक झालं की तिथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि तेल कमी पडतं आणि पिस्टन ओरबाडला जातो. जुन्या मशीनांत पॉइंट आणि कंडेन्सर चाकाच्या पोटात असत, तेव्हा तर हे काम नेहमीचंच. कोकणात याला आणखी एक कारण जोडलं जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर आडव्या पडलेल्या माड-पोफळी, आंबे, फणस हटवताना चेनसॉशिवाय पान हललं नाही. नंतर त्यातल्या कित्येक करवती खोपीत पडून राहतात आणि खारी हवा आपलं काम करते: पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटून बसलेले, त्यात मिठाची ओल, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीने फुगणार. मग टेपरची मूळ पकड आणि वर ही भर.

काढायचे मार्ग मोजून तीन-चार. सर्वांत जुना हातोडीचा. नट शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतका परत फिरवायचा, किंवा आटे पाडलेला पितळेचा जाड ठोकळा शाफ्टवर चढवायचा, चाकाला मागून हलका ताण द्यायचा आणि त्या ठोकळ्यावर एकच नेमका ठोका. चाक आपल्या जडत्वाने जागेवर राहतं आणि शाफ्ट त्याच्यातून निसटतो. जमलं तर निमिषात काम होतं. पण टू-स्ट्रोकचा क्रँक सहसा तुकडे दाबून जोडलेला असतो. चार आडवेतिडवे घाव बसले की तो वाकडा होतो, शिवाय घावाचा जोर बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या धावपट्टीवर खळगे पाडतो. खळगे दिसत नाहीत, महिन्याभराने घरघर ऐकू येते. दुसरा, तीन पायांचा बाजारू पुलर कडेला लावून ओढण्याचा. तो इथे नकोच. कड आणि पाती त्यासाठी नाहीत.

खरा मार्ग स्क्रूचा. काही चाकांच्या मध्यभागी आतून आटे असतात. तिथे पुलरचं अंग आट्यांत पूर्ण बसवायचं आणि मधला बोल्ट शाफ्टच्या टोकावर आवळायचा. स्कूटर आणि लुना दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवाल्याकडचा मॅग्नेट पुलर याच जातीचा, फक्त आट्यांचं माप जुळत नाही, त्यामुळे उसना आणून चालत नाही. अशा चाकासाठी त्या मॉडेलचा पुलर विकतच घ्यावा. बारीक आटे लेथवर जमवून घेता येतात, पण एखाद्या आट्याची चूक अ‍ॅल्युमिनियमच्या मानेवर निघते आणि नवं चाक पुलरच्या कितीतरी पट महाग.

चाकात दोन आट्यांची भोकं असतील तर मात्र घरी करण्यात मजा आहे. १२ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीचा तुकडा, मधोमध एम-१० चा टॅप मारलेलं भोक, दोन्ही बाजूंना चाकातल्या भोकांच्या अंतरावर सरळ भोकं. ६ मिमीची पट्टी घेऊ नका, वाकेल. बाजूचे बोल्ट चाकात आठ-दहा मिमी तरी शिरले पाहिजेत. दोन-तीन आट्यांवर भार दिलात तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे बोल्टसोबत बाहेर येतील. मधला बोल्ट थेट शाफ्टच्या आट्यांवर टेकवायचा नाही. नट टोकाशी सपाट आणून मध्ये पितळेचा तुकडा ठेवायचा. आता २० सेंटिमीटरच्या पान्यावर १० किलोंचा जोर दिला, की एम-१० चा बोल्ट साधारण एक टन ढकलतो. वर निघालेला ९५० किलोंचा आकडा आठवा. माणसाच्या मनगटात तो होताच, फक्त आट्यांच्या उतारावरून आणावा लागला. टेपर हा उतार, आटे हाही दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच.

पट्टी कापायला मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून किंवा पुण्याच्या बोहरी आळीतून माल आणला आणि टर्नरकडे गेलात, तर त्याच्या लेथकडे एक नजर टाका. मागच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिलचा चक कशाने धरलाय? टेपरने. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांच्या नावाने रूढ झालेला तो मोर्स टेपर. चक काढायचा असेल तेव्हा टर्नर हँडल उलटं फिरवत मागे आणतो. शेवटी आतला स्क्रू टेपरच्या बुडाला टेकतो आणि चक हातात पडतो. म्हणजे तुमचा पुलर ज्या यंत्रावर बनतोय त्या यंत्रातच एक पुलर आयता बसलेला आहे.

पुलर ताणला आणि चाक हललं नाही, तर आणखी जोर करण्याआधी थांबावं. मधल्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीची एक हलकी टिचकी द्यावी. तेवढ्या कंपाने बहुतेकदा काम होतं, आणि होतं तेव्हा ‘टाक्’ असा मोठा आवाज येऊन चाक एकदम मोकळं होतं. कारण दडपलेल्या टेपरला सुटायला केसाच्या जाडीएवढंच सरकावं लागतं. तेवढं सरकलं की टनांचा दाब एका क्षणात शून्य. तरीही नाही सुटलं तर ऊब. चाकाची मान ६० अंशांनी तापवली तर अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि १२ मिमीचं भोक शाफ्टपेक्षा ०.००८ मिमीने सैल होतं. ऐकायला क्षुल्लक, पण या कलाच्या टेपरवर ते ०.०८ मिमी मागे सरकल्याबरोबर आहे. हीट गन वापरावी, ज्योत नको. शेजारी पेट्रोल आहे, सील रबराचं आहे आणि चुंबकालाही जास्त ताप सोसत नाही.

बसवताना दोन्ही टेपर थिनरने पुसून खडखडीत कोरडे करायचे. ग्रीसचं बोट लावण्याचा मोह होतो, पुढच्या खेपेला सोपं जावं म्हणून. पण ग्रीसच घर्षणांक खाली आणतं आणि सगळी पकड घर्षणावर उभी आहे. नट मशीनच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच आवळायचा. कॉइल आणि चाकातलं अंतर बहुतेक मशीनांत ०.२ ते ०.३ मिमी असतं. फिलर गेज नसेल तर कॉइलचे स्क्रू सैल ठेवून एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरायचं, चुंबक समोर आणायचं, ते कॉइलला खसकन ओढून घेतं, तसेच स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढून घ्यायचं. मग प्लग बाहेर ठेवूनच चाक हाताने दोन-चार फेरे फिरवून बघावं, कुठे घासत नाही ना. घासलं, तर कॉइल पुन्हा सैल करून कार्ड पुन्हा लावायचं.