एका अंगावर ६७० बिंदू

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा यात्रेत खांबलिंगेश्वराचा नवस फेडायला माणसं पाठीत गळ टोचून घेतात. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना ॲक्युपंक्चरच्या सुईची धास्ती वाटावी हे जरा गमतीचंच. ही सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची आणि आतून भरीव असते, कारण तिच्यातून औषध जायचंच नसतं. रक्तदानाची सुई १.६ मिलिमीटरची. दोन्हींच्या छेदाचं क्षेत्रफळ काढलं, तर रक्तदानाच्या एका सुईच्या जागेत ॲक्युपंक्चरच्या चाळीस सुया बसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला बहुधा दहा-पंधरा सुया टोचतात आणि वीस-तीस मिनिटं निजवून ठेवतात. म्हणजे सगळ्या सुया मिळूनसुद्धा रक्तदानाच्या निम्म्या सुईएवढ्या भरत नाहीत.

या सुया टोचायच्या कुठे, तिथे आकड्यांचा खरा खेळ सुरू होतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यक ग्रंथांत बिंदू ३६५ सांगितले, वर्षाच्या दिवसांइतके. मुख्य वाहिन्या बारा, आणि त्यांची जोड देशातल्या बारा नद्यांशी लावलेली. या वाहिन्यांतून ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते आणि ती तुंबली की दुखणं येतं, असा सिद्धान्त. शरीर फाडून पाहिलं तर अशी वाहिनी कुठे सापडत नाही, हेही नव्या रुग्णाला ठाऊक असावं. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बिंदूंच्या जागा मापं देऊन छापल्या, तेव्हा नावं भरली ३६१. त्यांतले ५२ शरीराच्या मध्यरेषेवर एकेकटे आणि उरलेले ३०९ डाव्या-उजव्या बाजूला जोडीने. म्हणून एका अंगावर प्रत्यक्षात ६७० जागा.

या जागा पाठ झाल्यात की नाही हे तपासायला चीनमध्ये १०२७ साली वांग वेई-यी नावाच्या वैद्याने माणसाच्या उंचीचे काशाचे दोन पुतळे ओतवून घेतले. त्यांवर ६५७ भोकं. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेण फासायचं, आत पाणी भरायचं आणि विद्यार्थ्याच्या हाती सुई द्यायची. सुई नेमकी लागली तर पाणी बाहेर येणार, चुकली तर मेणात रुतून बसणार. यात वशिला चालण्याची सोय दिसत नाही.

आता एक हिशेब माझा. मोठ्या माणसाची कातडी पसरली तर पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास भरते. ती ६७० बिंदूंत सारखी वाटली तर एकेकाच्या वाट्याला येतो पाच सेंटिमीटर बाजूचा चौकोन. त्यात डोळे मिटून सुई टोचली तरी मधोमध असलेला बिंदू साडेतीनेक सेंटिमीटरहून लांब राहत नाही. प्रत्यक्षात हातापायांवर आणि चेहऱ्यावर बिंदूंची दाटी जास्त, पाठीपोटावर कमी. तरीही चुकीच्या जागी सुई टोचणं किती अवघड आहे ते यावरून कळतं.

जर्मनीत मुद्दाम चुकीच्या जागी टोचूनही पाहिलं. जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले. एकाला शास्त्रोक्त सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्या खोट्या सुया, तिसऱ्याला गोळ्या, व्यायाम आणि शेक. २००७ मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला आराम होता. खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के. आणि नेहमीच्या उपचारांवर २७.४ टक्के! सुईने फरक पडतो, पण ती कुठे टोचली याने फारसा पडत नाही, असा याचा सरळ अर्थ. ६७० जागा घोकणाऱ्यांना हा निकाल झोंबणारच. कंबर दुखणाऱ्याने मात्र पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातलं अंतर बघावं.

भारतात ही विद्या आली त्यामागे एका सोलापूरकराची सोबत आहे. १९३८ साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि बंगालचे विजयकुमार बसू. कोटणीस शल्यविशारद. एका लढाईत सलग ७२ तास ते शस्त्रक्रिया करत उभे राहिले असं सांगतात. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच गेले, वय अवघं ३२. बसू परतले, १९५८ मध्ये पुन्हा चीनला जाऊन सुया शिकले आणि कोलकात्यात उपचार सुरू केले. केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने तर त्यासाठी वेगळा कायदा करून परिषद नेमली.

सुईचा धोका किती? जर्मनीतच २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली गेली, सुमारे २२ लाख बैठकींची. शंभरातल्या आठ-नऊ जणांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना थोडं रक्त येणं किंवा काळंनिळं पडणं. फुफ्फुसाला भोक पडल्याचे प्रकार दोन.

चिनी औषधी वनस्पतींचं गणित मात्र वेगळं. ली शि-चेन नावाच्या वैद्याने २७ वर्षं खपून १५७८ मध्ये जो निघंटू पुरा केला त्यात १८९२ द्रव्यं आहेत आणि ११ हजारांवर पाठ. १९७० च्या सुमाराला चिनी संशोधक तू योयो यांनी जुन्या ग्रंथांतले दोन हजार पाठ चाळले, ३८० अर्क तपासले आणि एकातून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन काढलं. त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण १९९० च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायच्या चिनी गोळ्यांत एका मुळीऐवजी दुसरीच मुळी पडली आणि शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. ती मुळी ॲरिस्टोलोकियाची. आपल्या रानातली सापसण त्याच प्रजातीतली आहे. तेव्हा चिनी असो की गावठी, पुडीत काय आहे हे सांगता न येणाऱ्याकडून पुडी घेऊ नये.

राहिला खेपांचा हिशेब. जर्मनीतल्या त्या कंबरदुखीच्या रुग्णांना आठवड्याला दोन अशा दहा बैठकी दिल्या होत्या. म्हसा गावातल्या माणसाने त्यासाठी कल्याण गाठायचं तर अंतर चाळीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा खेपांचे आठशे, जवळपास मुंबईहून नागपूर गाठण्याइतके. तेही एसटीने आणि दुखऱ्या कमरेने! सुयांनी दिलेला आराम रस्त्यानेच काढून घ्यायचा. मुरबाड-शहापुरात कुणी नोंदणी असलेला सापडला तर आधी त्याच्याकडे जावं.

जाताना नोंदणी क्रमांक विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि वापरलेली सुई दुसऱ्यांदा घेऊ नका. पोटात मूल असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, छातीत पेसमेकर असेल तर ते आधीच सांगा. साखरेची आणि रक्तदाबाची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. पाच-सहा बैठकींत काहीच फरक पडला नाही तर थांबा. आणि साप चावला, छातीत कळ आली किंवा तोंड वाकडं झालं, तर सुयांच्या वाटेला न जाता थेट सरकारी रुग्णालय गाठा; १०८ ला फोन करायला पैसे पडत नाहीत.