आधी ठोकळे, मग वाडा

‘आधी वाडा, डोंगर, झाडं झकास दिसू देत, खेळ त्यात नंतर बसवू.’ गेम डिझाइन शिकणाऱ्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता खरोखर वैताग येतो. ब्लॉकआउट, म्हणजे साध्या ठोकळ्यांनी उभी केलेली लेव्हल, ही यांच्या लेखी आर्टिस्ट न परवडणाऱ्यांची तडजोड.

नॉटी डॉग या गेम स्टुडिओला आर्टिस्ट परवडत नाहीत असं कोणी म्हणणार नाही. तिथेही लेव्हल आधी ठोकळ्यांतच खेळून पाहतात. तिथल्याच मायकल बार्कली या लेव्हल डिझायनरने 2017 मध्ये ‘ब्लॉकटोबर’ सुरू केलं. त्यात दर ऑक्टोबरात ठिकठिकाणचे डिझायनर आपापल्या गेमचे ठोकळे चारचौघांत मांडतात. विश्वास नसेल त्याने ती चित्रं पाहावीत.

ठोकळ्याची भिंत दोन मीटर सरकवणं हे काही सेकंदांचं काम. सजवलेली भिंत सरकवली की प्रकाश, शत्रूंच्या वाटा, आजूबाजूचं सामान, सगळं पुन्हा बघावं लागतं. मग ती कोणी सरकवतच नाही. चुकीची भिंत तशीच राहते, फक्त सुंदर दिसते!

याच गैरसमजाचा धाकटा भाऊ म्हणजे ‘खरी मापं घेतली की झालं’. आपली दहा बाय बाराची खोली घ्या. साधारण 3 बाय 3.7 मीटर. अनरियल इंजिन 5 च्या थर्ड पर्सन टेम्प्लेटमध्ये कॅमेरा पात्राच्या 4 मीटर मागे असतो. पात्र खोलीत जवळपास कुठेही उभं करा, कॅमेऱ्याला मागे तेवढी जागाच नाही. इंजिन त्याला पुढे ओढतं आणि पडद्यावर पात्राची पाठच पाठ दिसते. म्हणून गेममधल्या खोल्या, दारं, जिने घरच्यापेक्षा ऐसपैस लागतात. किती, ते ठोकळ्यांत चालून बघितल्यावरच कळतं.

बाकीचे किरकोळ. ठोकळे राखाडीच हवेत? व्हॉल्व्हच्या सोर्स इंजिनात मापं छापलेली नारिंगी टेक्स्चर्स मुद्दाम त्यासाठीच दिलेली आहेत. महागडं थ्रीडी सॉफ्टवेअर लागतं? इंजिनातच ठोकळे उभे करून देणारं प्रोबिल्डर युनिटीने 2018 मध्ये विकत घेऊन फुकट करून टाकलं. कागदावर आखणं जुनाट? 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्सच्या लेव्हल आलेखाच्या कागदावरच आखल्या होत्या.

तेव्हा पुढची लेव्हल सजवायला घेण्याआधी तिचे नुसते ठोकळे एखाद्या मित्राला खेळायला द्या. आणि तो खेळत असताना कृपा करून ‘अरे, डावीकडे जा’ म्हणू नका.