दुसऱ्या क्रमांकाचा मान

क्रीडास्पर्धांच्या इतिहासात विजेत्याचे नाव टिकून राहते आणि दुसऱ्या क्रमांकावर आलेल्याचा बहुधा विसर पडतो. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत जपानच्या चिहारू इगाया यांची गणना करावी लागेल. इ. स. १९५६ साली इटलीतील कोर्तिना येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळविले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये जपानी खेळाडूला मिळालेले ते पहिलेच पदक होते. आशियाई खेळाडूंतही त्यांच्या आधी हा मान कोणी मिळविला नव्हता.

आपल्यापैकी पुष्कळांनी बर्फाचे डोंगर चित्रातच पाहिले असतील. तेव्हा हा खेळ काय आहे, ते आधी सांगावयास हवे. पायांना लांब, अरुंद पट्ट्या जखडून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे म्हणजे स्कीइंग. त्यातील स्लॅलम या प्रकारात नुसत्या वेगाला किंमत नाही. उतारावर काठ्यांच्या जोड्या रोवून दारे केलेली असतात. एकही दार न चुकविता, वळणे घेत घेत खाली यावयाचे असते. अशा दोन फेऱ्या होतात. दुसऱ्या फेरीसाठी दारांची मांडणी नव्याने केली जाते, आणि दोन्ही फेऱ्यांचा वेळ मिळवून क्रम ठरतो. त्या काळी या काठ्या बांबूच्या असत, आजच्यासारख्या धक्का लागताच लवणाऱ्या नसत. त्यामुळे काठीला अगदी लगटून, परंतु तिच्यावर न आदळता निघून जाण्याचे कसब लागे.

युरोपात रुजलेली ही विद्या जपानमध्ये उशिरा आली. थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने १९११ साली ताकादा येथे जपानी सैनिकांना स्कीइंगचे पद्धतशीर धडे दिले, तेथपासून तिचा आरंभ मानतात. पुढे ज्या मोजक्या लोकांनी बर्फ हेच आपले जीवन मानले, त्यांत इगायांचे वडील कुनिओ हे एक होते. आपल्या या जीवनावर त्यांनी ग्रंथही लिहिला. मुलाचा जन्म २० मे १९३१ रोजी जपानच्या उत्तरेकडील कुनाशिरी बेटावर झाला. चिहारू या नावाच्या अक्षरांचा अर्थ ‘सहस्र वसंत’ असा होतो. आईही स्कीइंग करणारी. मूल धड चालू लागते न लागते तोच त्याच्या पायांना पट्ट्या बांधल्या गेल्या, आणि पिता हाच गुरू झाला.

१९४५ साली महायुद्ध संपले. जपानचा पराभव झाला आणि इगायांचे जन्मस्थान असलेले बेट सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेले. १९४८च्या ऑलिंपिकचे निमंत्रण जपानला मिळाले नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये ऑस्लोच्या हिवाळी ऑलिंपिकला जपानी पथक गेले, तेव्हा देशावरील परकीय ताबा अधिकृतपणे उठावयास अजून दोन महिने होते. तेथे वीस वर्षांच्या इगायांनी स्लॅलममध्ये अकरावा क्रमांक पटकाविला.

गुण होता, परंतु साधने कोठून यावीत? ऑलिंपिक हे हौशी खेळाडूंसाठी, हा नियम त्या काळी कसोशीने पाळला जाई. खेळावर पैसा मिळविण्यास मनाई होती. नियमामागील हेतू उदात्त होता, परंतु ज्याच्या घरी संपत्ती नाही त्याची त्यामुळे कोंडी होई. अशा वेळी सी. व्ही. स्टार हे अमेरिकन विमा-व्यावसायिक इगायांच्या पाठीशी उभे राहिले. स्टार स्वतः स्कीइंगचे भोक्ते होते. त्यांच्या साहाय्याने इगाया अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात दाखल झाले. तेथे वॉल्टर प्रागर या माजी स्विस जगज्जेत्याचे मार्गदर्शन त्यांना लाभले. नवी भाषा, कॉलेजचा अभ्यास आणि स्पर्धा हे तिन्ही त्यांनी एकाच वेळी पेलले, आणि १९५७ साली पदवी घेतली.

कोर्तिनाची ती शर्यत ३१ जानेवारी १९५६ रोजी झाली. सारे लक्ष ऑस्ट्रियाच्या टोनी सायलरवर होते, आणि ते यथार्थच होते. त्या एकाच ऑलिंपिकमध्ये त्याने उतारावरील तिन्ही शर्यतींची सुवर्णपदके जिंकली. पहिल्या फेरीनंतर इगाया सहावे होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी चौघांना मागे टाकले. दोन्ही फेऱ्या मिळून सायलरला ३ मिनिटे १४.७ सेकंद लागले, तर इगायांना ३ मिनिटे १८.७ सेकंद. स्वीडनचा सोलांडर तिसरा आला. चार सेकंदांचे ते अंतर लहान नव्हे. परंतु आल्प्सच्या कुशीत वाढलेल्या बाकीच्या साऱ्या युरोपीय वीरांच्या पुढे एक जपानी तरुण उभा होता.

हे यश अपघाताने आलेले नव्हते. १९५८ साली बाड गास्टाइन येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी स्लॅलमचे कांस्यपदक मिळविले. १९६० साली स्क्वॉ व्हॅलीच्या ऑलिंपिकमध्येही ते उतरले. त्यानंतर त्यांनी विमा-व्यवसायात पदार्पण केले, तेही स्टार यांच्याच उद्योगसमूहात, आणि तेथे उच्च पद गाठले. १९८२ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. २००५ ते २००९ या काळात त्यांनी तिचे उपाध्यक्षपद भूषविले आणि २०११पर्यंत ते सदस्य होते. ज्या नियमांची झळ आपण सोसली, तशा नियमांचा विचार करणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसण्याचा योग फार थोड्या खेळाडूंना येतो.

जपानला हिवाळी ऑलिंपिकमधील पुढचे पदक मिळावयास १९७२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सप्पोरोला स्कीवरून उडी मारण्याच्या एका प्रकारात तिन्ही पदके जपानी खेळाडूंनीच जिंकली. उतारावरील शर्यतींत मात्र २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत दुसऱ्या कोणाही जपान्याला पदक लाभले नाही. यावरून इगायांच्या कर्तृत्वाचे मोल कळते, आणि आणखीही एक गोष्ट ध्यानात येते. पित्याची शिस्त, परक्या देशातील एका धनिकाचे औदार्य आणि स्वतःचे अविश्रांत श्रम हे तीन प्रवाह एकत्र आले, तेव्हा कोठे हे एक पदक पदरी पडले. गुणी माणसे प्रत्येक देशात जन्माला येतात. त्यांना वेळेवर हात देणारे भेटतीलच याचा मात्र भरवसा नसतो. तो भरवसा निर्माण करणे हे समाजाचे कर्तव्य आहे.