थांबलेली गाडी ढकलणारं तेल

सिग्नलला थांबलेल्या ऑटोमॅटिक डिझेल गाडीत एक प्रयोग लगेच करून बघता येतो. गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स मात्र हवा. पाय ब्रेकवर घट्ट ठेवा, गिअर ‘डी’मध्येच राहू द्या आणि तळवे स्टिअरिंगवर टेकवा. बारीक पण भरीव थरथर हाताला लागते. आता लिव्हर न्यूट्रलला न्या. थरथर मऊ होते, काही गाड्यांत जवळजवळ विरते. इंजिन तेच आहे, त्याचे फेरे साधारण तेवढेच आहेत आणि गाडी आधीही उभीच होती. मग बदललं काय?

आधी ही थरथर जन्मते कुठे ते पाहू. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन स्लोवर मिनिटाला साधारण ७५० फेरे घेतं. दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला २५ धक्के. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपांपासून पुढचं ऐकू येतं. त्यामुळे हे धक्के ऐकू येणं आणि अंगाला जाणवणं यांच्या अगदी सीमेवर असतात. पेट्रोल इंजिन स्लोवर असताना हवेची वाट थ्रॉटलने अडवलेली असते, दाबायला हवाच थोडी. डिझेल मात्र स्लोवरही छाती भरून हवा घेतं आणि ती सोळाव्या हिश्शापर्यंत दाबतं. हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल ठिणगीवाचून पेटतं. हवा दाबताना क्रँकशाफ्ट किंचित रेंगाळतो, पेट घेताच उसळतो. सेकंदाला २५ वेळा.

आता इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं तेल. ते असतं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, आणि हा कन्व्हर्टर मुळात मोटारीसाठी जन्मलाच नाही. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर श्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करत होता. जहाजाचं वाफेचं टर्बाइन भरधाव फिरणारं, पंखा मात्र संथ फिरायला हवा. या दोघांना द्रवातून जोडायची कल्पना त्याने काढली आणि १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९४८ मध्ये ब्युइकने डायनाफ्लो गिअरबॉक्समधून हीच युक्ती अमेरिकन मोटारीत आणली. इंजिनाला जोडलेलं चाक तेल भिरकावतं, ते तेल समोरच्या चाकाच्या पात्यांवर आदळतं आणि त्याला ढकलतं. या दोन चाकांमध्ये लोखंडाला लोखंड भिडतच नाही. (पळत्या गाडीत दोन्ही बाजू घट्ट जोडणारा क्लच निराळा असतो.)

तेलाने दिलेला जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे तिप्पट झाले की जोर नऊपट. स्लोवर तो इतका कमी असतो की पायाचा ब्रेक त्याला सहज रोखतो आणि इंजिन बंद पडत नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ब्रेक सोडताच गाडी ॲक्सिलरेटरविना सरकू लागते, ती याच जोरावर. म्हणजे ‘डी’मध्ये थांबलेल्या गाडीत इंजिन सतत ढकलत असतं, ब्रेक रोखत असतो आणि मधलं तेल घुसळून तापत असतं. इतकी झटापट चाललेली असताना गाडी बाहेरून किती शांत दिसते!

न्यूटनचा तिसरा नियम इथे हाताशी येतो. चाकं पुढे फिरवायला निघालेला जोर तेवढ्याच बळाने इंजिनाला उलट पिळतो. इंजिन आडवं बसवलेल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तर पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून हा जोर दहापटीहून जास्त वाढवतात आणि त्याचा सगळा उलटा पीळ पेलतात ती माउंटिंग. माउंटिंग म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर. सैल असताना ते धक्के गिळतं. पिळाखाली दबलं की कडक होतं आणि धक्के तसेच बॉडीकडे धाडतं. कापसाची गादी दबली की तिच्यातून जमीन टोचायला लागते, तसंच. शिवाय ‘डी’मध्ये तेल घुसळायला इंजिनाला थोडं जास्त डिझेल जाळावं लागतं, त्यामुळे धक्काही जोरकस होतो. न्यूट्रलला पीळ सुटतो, रबर मोकळं होतं.

बऱ्याच गाड्यांच्या माउंटिंगमध्ये आता ग्लायकॉलसारखा द्रवही भरलेला असतो. इंजिन मोठं डुललं की द्रव अरुंद वाटेतून ये-जा करून ते डुलणं मारतो. स्लोवरच्या बारीक थरथरीला मात्र आतला पातळ पडदा मोकळा हलतो आणि माउंटिंग मऊच राहतं. एवढ्याशा डब्यात दोन स्वभाव! मला तर इंजिनापेक्षाही हा डबा जास्त आवडतो.

मग दर सिग्नलला न्यूट्रल करावं का? माझं मत असं: पाच-दहा सेकंदांचा थांबा असेल तर ‘डी’च बरा, कारण दर वेळी ‘डी’त जाताना गिअरबॉक्समधल्या क्लचना पुन्हा धरावं लागतं. रेल्वे फाटक, टोलची रांग, लांब सिग्नल असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. निघताना ‘डी’ टाकल्यावर गाडीने हलका हिसका देईपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. झेडएफसारख्या कंपन्यांचे काही गिअरबॉक्स थांब्यावर तेलाचा हा जोर स्वतःच सोडून देतात, तिथे तुमच्या न्यूट्रलने फार फरक पडत नाही. एएमटी (म्हणजे क्लच यंत्राने चालवला जाणारा साधा गिअरबॉक्स) आणि ड्युअल क्लचच्या गाड्यांतही नाही, कारण ब्रेक दाबून उभं असताना त्यांचा क्लच सुटलेलाच असतो.

घाट उतरताना मात्र न्यूट्रल कधीच नको. डिझेल वाचतं म्हणून खंबाटकीत, कसाऱ्यात ही सवय अजून दिसते. पण आजची इंजिनं गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलला उलट स्लोवर चालण्यापुरतं डिझेल जळत राहतं. वर इंजिनाचा अडसर जातो आणि सगळा भार तापणाऱ्या ब्रेकवर पडतो.

थरथर हळूहळू वाढली असेल तर आधी माउंटिंग तपासावीत. मग इंजेक्टर. गाडीचा संगणक क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दात मोजत असतो. कुठला सिलिंडर पेटल्यावर चाक किती उसळलं हे त्यावरून ओळखून तो दुबळ्या सिलिंडरला कणभर डिझेल जास्त देतो, दांडग्याला कमी. गॅरेजच्या स्कॅनरवर बहुतेक वेळा हे आकडे सिलिंडरवार दिसतात. एखादा आकडा बाकीच्यांपासून फार दूर असेल, तर तोच इंजेक्टर आधी तपासून घ्यावा.